भविष्य नावाचा क्लब

(दृश्य: रोझ बाउल स्टेडियम, पासाडेना. पिवळ्या जर्सीतला दहा नंबर.)

१८ जून १९९४. कॅलिफोर्नियात दुपारचं ऊन, आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट. वर्ल्ड कपमध्ये रोमानिया विरुद्ध कोलंबिया. डाव्या टचलाइनजवळ चेंडू दहा नंबरवाल्याकडे येतो. गोल तिथून पस्तीसेक मीटर लांब. तो एकदा मान वर करतो आणि डाव्या पायाने चेंडू उचलतो. पास दिला की गोलवरच मारला, हे कळेपर्यंत चेंडू गोलकीपर कोर्दोबाच्या डोक्यावरून जाळ्यात पडलेला असतो.

हा ग्योर्गे हाजी. आडनाव ऐकून चकलात? बाल्कनमध्ये जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ख्रिस्ती माणसालाही हाजी म्हणत, त्यातून हे आडनाव आलं. काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्ट्सा जिल्ह्यात १९६५ साली तो जन्मला आणि तिथल्याच फारुल क्लबात खेळायला शिकला. लोक त्याला कार्पेथियन डोंगरातला माराडोना म्हणायचे. गंमत अशी, की त्याच वर्ल्ड कपमध्ये खरा माराडोना उत्तेजक चाचणीत अडकून बाहेर पडला आणि या दुसऱ्या माराडोनाच्या संघाने अर्जेंटिनाला ३-२ असं घरी पाठवलं. रोमानिया क्वार्टर फायनलमध्ये स्वीडनकडून पेनल्टीवर हरला. त्याच्या पुढे तो देश आजवर गेलेला नाही.

क्लबांची यादी भारदस्त आहे: स्टेआउआ बुखारेस्ट, रेआल माद्रिद, बार्सिलोना. पण रेआलनंतर तो इटलीतल्या ब्रेशियात गेला आणि संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरल्यावरही तिथेच राहिला. पासाडेनातला तो गोल मारला, तेव्हा तो ब्रेशियाचाच खेळाडू होता. मग इस्तंबूलचं गालातासराय आणि लागोपाठ चार लीग विजेतेपदं. २००० साली युएफा कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, समोर आर्सेनल. एक्स्ट्रा टाइममध्ये हाजीला रेड कार्ड, तरी कप गालातासरायचा. महिनाभराने युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) क्वार्टर फायनलमध्ये इटलीविरुद्ध पुन्हा रेड कार्ड. रोमानियासाठीची शेवटची स्पर्धा त्याने अशी, मॅच संपायच्या आत मैदान सोडून संपवली. डोकं गरम, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

(दृश्य: डगआउट. कोटातला हाजी हातवारे करतोय.)

कोच झाला की माणसाला अहो-जाहो करावं. पण पहिली काही वर्षं तशी वेळच आली नाही. २००१ मध्ये राष्ट्रीय संघ हातात आला आणि वर्ल्ड कपच्या प्ले-ऑफमध्ये स्लोव्हेनियाने बाहेर काढलं. मग तुर्कस्तानातलं बुर्सास्पोर झालं. गालातासरायला २००५ मध्ये फेनरबाखेविरुद्ध ५-१ असा टर्किश कप जिंकून दिला, तरी तिथेही मुक्काम टिकला नाही. मग रोमानियातलेच क्लब, तिमिशोआरा आणि स्टेआउआ. दर वेळी तयार खेळाडू, तयार मालक आणि हातात काही महिने. मला वाटतं, भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी नसते, तशातलंच हे.

म्हणून २००९ मध्ये त्यांनी स्वतःचं घर बांधायला घेतलं. (हो, इथून अहो-जाहो.) कॉन्स्टान्ट्साजवळ ओव्हिदिऊ नावाचं छोटं गाव आहे. रोमन कवी ओव्हिड हद्दपार होऊन याच किनाऱ्यावर आला होता, त्याचं नाव गावाला. तिथे हाजींनी पदरचे पैसे घालून मैदानं आखली, अकादमी काढली आणि क्लब काढला. नाव ठेवलं विइतोरुल, म्हणजे भविष्य.

तीन वर्षांत क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये. २०१४ पासून मालकही हाजी आणि कोचही हाजी. आता त्यांना काढणार कोण? हिशोब साधा होता: पोरं घडवायची, कोवळ्या वयात थेट लीगमध्ये उतरवायची, हरली तरी उतरवायची, आणि तयार झाली की परदेशी क्लबांना विकून त्या पैशात पुढची पोरं. स्वतःच्या मुलाला, यानिसला, त्यांनी मिसरूडही न फुटलेल्या वयात कॅप्टन केलं. वशिला म्हणून कुजबुज होणारच. त्याचं उत्तर पुढे मैदानावर मिळालं.

२०१७ च्या मे महिन्यात लीग संपली, तेव्हा विइतोरुल आणि बुखारेस्टचा एफसीएसबी यांचे गुण सारखे. आपसातल्या मॅचेसचा निकाल पाहिला गेला आणि विजेतेपद ओव्हिदिऊला आलं. एफसीएसबीने क्रीडा लवादापर्यंत धाव घेतली. निकाल बदलला नाही.

२०२१ मध्ये हाजींनी आपला क्लब फारुलमध्ये विलीन केला. ज्या क्लबात लहानपणी बूट बांधायला शिकले, तोच. फारुल १९२० सालचा, पण लीग त्यांनी कधीच जिंकली नव्हती. २०२३ मध्ये जिंकली. निर्णायक मॅच पुन्हा एफसीएसबीशीच, आणि फारुलने ती ३-२ अशी काढली.

(दृश्य: फ्रँकफर्ट. पिवळा प्रेक्षकवर्ग.)

२६ जून २०२४. युरो, रोमानिया विरुद्ध स्लोव्हाकिया. वडिलांच्या त्या रेड कार्डनंतर चोवीस वर्षांत रोमानिया युरोच्या गटातून एकदाही पुढे सरकला नव्हता. स्लोव्हाकियाने आघाडी घेतलेली. यानिस हाजी बॉक्सकडे घुसतो, त्याला पाडतात, पेनल्टी. चेंडू जागेवर ठेवतो राझवान मारिन. तोही हाजींच्या अकादमीतला.

गोल. मॅच १-१ अशी सुटते आणि रोमानिया गटात पहिला येतो.