माप माणसाचं घ्यायचं

मंडळी, मला विषय दिलाय "लाकूडकाम : एक छंद", पण मी त्यात जरा बदल करतो. नुसत्या लाकूडकामाचे व्हिडिओ युट्यूबवर ढिगानं आहेत, त्यासाठी एवढ्या उन्हाचं तुम्हाला इथं बोलवायची गरज नव्हती. मी बोलणारे घरच्यांसाठी वस्तू करण्यावर. आयुष्यभर हिशोबाच्या वह्यांत डोकं घातलं आणि सुट्टीच्या दिवशी रंधा हातात घेतला, त्यातून जे कळलं ते असं, की दुकानातली खुर्ची तुमच्यासाठी किंवा माझ्यासाठी बनवलेली नसते, ती सरासरी माणसासाठी असते. बसायची उंची साधारण १८ इंच, झालं. आणि हा सरासरी माणूस मला तरी अख्ख्या सांगलीत अजून भेटलेला नाही. घरच्यांसाठी करताना आपण माप माणसाचं घेऊ शकतो. हा एक फायदा सोडला तर बाकी सगळं सुतार आपल्यापेक्षा चांगलं आणि लवकर करतो, हे आधीच मान्य करून टाकू.

आईचे गुडघे गेले तेव्हा तिला पूजेला खाली बसता येईना. प्लास्टिकचं स्टूल आणलं, तर ही वर आणि देव खाली, वाकून वाकून पाठ धरायला लागली. मग टेप घेऊन बसलो. गुडघ्यामागची खाच ते टाच, हे बसायच्या उंचीचं मूळ माप. पण गुडघे दुखत असतील तर त्याच्यावर दीड-दोन इंच वाढवायचे, कारण खरा त्रास बसताना नाही, उठताना होतो. मग देवांचा चौरंग किती उंच, तर ती बसल्यावर कोपर जिथं येतं त्याच्या थोडं खाली ताम्हण यावं, म्हणजे पळीनं पाणी घालताना खांदा उचलावा लागत नाही. आणि उठताना धरायला स्टुलाला हात केला तो फक्त उजवीकडं, कारण डावीकडं समई असते आणि पदराची भीती. असलं स्टूल कुठल्या शोरूमला मिळणार सांगा. आई म्हणाली, कशाला एवढं लाकूड नासवलंस. पण रोज वापरते.

नातवंडांसाठी पहिली वस्तू म्हणजे पांगुळगाडा. इथं एक गंमत आहे. आपला जुना पांगुळगाडा सारवलेल्या जमिनीसाठी होता, जमीन खडबडीत, चाक आपोआप हळू फिरायचं. तोच गाडा आजच्या गुळगुळीत टाइल्सवर ठेवा, पोरगं उभं राहायच्या आत गाडा पुढं पळतो आणि ते तोंडावर आपटतं. म्हणून चाक आणि चौकट यांच्यामधे चामड्याची चकती घालायची आणि नट थोडा आवळायचा, चाक ढकलल्याशिवाय फिरता कामा नये. पोराचे पाय सुधारले की नट ढिला करत जायचा. दांडा त्याच्या छातीच्या जरा खाली. खालची आडवी लाकडं मुद्दाम जड घ्यायची, कारण पोरं दांड्याला धरून उभी राहतात आणि हलका गाडा त्यांच्याच अंगावर येतो. दांडा चावला जाणार हे धरूनच चालायचं, त्यामुळं ऑइलपेंट नको. चपडी स्पिरिटमधे विरघळवून दोन-तीन हात द्यायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. चपडी म्हणजे लाखच, औषधाच्या गोळ्यांवर पण तिचा थर असतो.

पोळपाटाचं थोडक्यात सांगतो. पाय तीनच ठेवा, तीन पायाची वस्तू ओटा कसाही असला तरी डुगडुगत नाही. आणि त्याला गोडंतेल चोळू नका, शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, खवट होतं. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, तेच वापरा. कच्चं घ्या, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं नको, त्यात वाळवायची औषधं असतात.

आता कुणी म्हणेल हे माणसाच्या मापाचं खूळ कुठनं काढलं. अहो, मिरज इथनं किती लांब आहे? तिथले सतारमेकर पिढ्यान् पिढ्या हेच करतात. बाईच्या आवाजाचा तंबोरा वेगळा, पुरुषाचा वेगळा, पुरुषाचा मोठा लागतो कारण स्वर खालचा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीच्या झाडाचं, आणि ते आधी नीट वाळवून ठेवलेलं. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. माझ्यासारख्या हौशी माणसानं एकदा तिथल्या गल्लीत जाऊन नुसतं उभं राहावं, कुणी काही शिकवलं नाही तरी चालतं.

वाळवण्यावरनं आठवलं. लाकूड मेलं तरी हलायचं थांबत नाही, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि हे सगळं रुंदीत, लांबीत जवळजवळ काहीच नाही. लोक काय करतात, चौरंगाची रुंद फळी खालच्या आडव्या पट्ट्यांना चारी बाजूनं स्क्रूनं आवळून टाकतात. मग एप्रिलमधे रात्री फाटकन आवाज येतो आणि फळीला चीर. पट्टीतलं भोक गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करायचं, स्क्रूला सरकायला जागा राहते. लेक महाबळेश्वरला दिली असेल तर आणखीनच काळजी, आपल्याकडं पाऊस बेताचा आणि तिथं वर्षाला ५००० मिलीमीटरच्या वर, इथं मे महिन्यात अगदी फिट्ट बसवलेला ड्रॉवर तिथं आषाढात उघडणारच नाही. म्हणजे माप माणसाचं तसंच त्याच्या गावाचं पण घ्यायला लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमधे महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा लाकडातला फरक आपण सगळ्यांनीच बघितला. भुश्याच्या बोर्डाची कपाटं फुगून फुटली, ती परत कधी बसली नाहीत. जुने सागवानी पलंग लोकांनी चिखल धुऊन, सांधे मोकळे करून सावलीत हळूहळू वाळवले, आणि ते अजून वापरात आहेत. उन्हात टाकले त्यांचे मात्र वाकडे झाले. मी तेव्हापासून नवीन लाकूड फारसं घेत नाही, वाडे पाडतात तिथल्या चौकटी, तुळया घेतो. कैक वर्षं वाळलेला साग, खोडाच्या गाभ्यातला. फक्त करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवायचं, आत जुने खिळे असतात आणि करवतीचे दात जातात.

मशीन का हात, असं एकानं चिठ्ठीवर विचारलंय. मी वखारीतनं फळ्या मापानं चिरून आणतो, पुढचं हातानं, कारण फ्लॅटमधे मशीन लावलं तर शेजारी आणि बायको एका बाजूला होतात. नवशिक्यानं एक रंधा, दोन पटाशा म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्या, काटकोन तपासायला एक गुण्या, एक करवत घ्यावी, आणि त्याच्या आधी धार लावायचा दगड. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, मग ती सटकते आणि हातात जाते.

दुसरी चिठ्ठी आहे, तेलाच्या चिंध्यांचं काय करायचं. बरं झालं विचारलंत, हे राहिलंच होतं. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून डब्यात, भुश्यात टाकायची नाही. तेल वाळताना गरम होतं, ती उष्णता बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. बाहेर दोरीवर मोकळी पसरून वाळवायची, कडक झाली की मग कचऱ्यात.