भाला सुटण्याआधी

मंडळी, गरीला लागलेला मासा लहान निघाला तर गरी सोडवून त्याला परत पाण्यात सोडता येतं. भाल्याला ती सोय नाही. टोक आत गेलं की तो मासा तुमचा, कुठल्याही मापाचा असो, कुठल्याही जातीचा असो. अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या फ्लोरिडा कीज बेटांच्या खडकांवर मी इतकी वर्षं पोल स्पिअर घेऊन उतरतो आहे. तुम्हाला जे सांगायचं आहे ते या एकाच गोष्टीतून निघतं.

हत्यार अगदी साधं आहे. लांब दांडा, मागच्या टोकाला रबरी नळीचा फास, पुढे टोक. फास अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात अडकवायचा, तोच हात दांड्यावरून पुढे सरकवत रबर ताणायचं आणि दांडा मुठीत आवळायचा. मूठ सैल केली की भाला सुटतो. खटका नाही, नेम धरायला नळी नाही. बहामाजमध्ये तर खटक्याची स्पिअरगन चालतच नाही. तिथे पोल स्पिअर किंवा हवाईयन स्लिंग, म्हणजे छोट्या नळीतून रबरानं सोडायचा भाला, आणि तेसुद्धा पाठीवर हवेची टाकी न घेता, स्वतःच्या दमावर. मला तो नियम फार आवडतो, कारण त्यामुळे माणसाला माशाच्या जवळ जावंच लागतं. पोल स्पिअरचा मारा तोकडा. टोकापासून मासा दोन-तीन फुटांवर आला तरच वार धड लागतो.

लांबी किती घ्यावी, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. सुरुवातीला सहा फूट. आठ-नऊ फुटी भाल्याचा पल्ला मोठा असतो हे खरं, पण तो पाण्यात आडवा फिरवायला गेलात की पाणी अडवतं, आणि खडकाच्या कपारीत तर वळतच नाही. फायबरग्लासचा दांडा सुटताना थोडा डुलतो, पण टिकतो. अ‍ॅल्युमिनियमचा ताठ असतो, मात्र एकदा वाकला की वाकला. कार्बन हलका, ताठ आणि महाग. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं फायबरग्लास वापरा आणि उरलेले पैसे दम धरून बुडी मारण्याच्या शिक्षणावर घाला.

खरी निवड टोकाची. एकेरी टोकाच्या मागे बिजागरीचा काटा असतो, त्याला फ्लॉपर म्हणतात. टोक माशातून आरपार गेलं की काटा उघडतो आणि मासा निसटत नाही. ग्रूपर म्हणजे आपला गोब्रा, स्नॅपर म्हणजे तांबोशीच्या जातीतले, अशा जाड अंगाच्या माशांना हे हवं. तीन दात्यांचं टोक, ज्याला पॅरलायझर म्हणतात, ते लहान आणि अंगानं पातळ माशांसाठी. ते माशाला तीन ठिकाणी धरतं आणि फिरू देत नाही. पण खडकावर आपटलं की दाते वाकतात, आणि प्रवाळ मोडतं ते वेगळंच. मागे दगड असेल तर वार करू नका. जे प्रवाळ वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं, ते एका चुकलेल्या वारात तुटतं.

आता हॉगफिशकडे येतो, म्हणजे इथल्या खडकांवरच्या एका माशाकडे. काही वर्षांपूर्वी कीजमधल्या मॅरेथॉन गावाच्या दक्षिणेला, तीन वाव म्हणजे अठरा फूट पाण्यात, मी एक हॉगफिश मारला. खाली मला तो छान मोठा दिसला होता. बोटीत पट्टीवर ठेवला तर तेरा इंच. कीजच्या अटलांटिक बाजूला किमान माप 16 इंच आहे, तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, माणशी एक, आणि हंगाम 1 मे ते 31 ऑक्टोबर. तो मासा ठेवता येत नव्हता. मेलेलाच परत पाण्यात टाकला. त्या दिवसाची लाज मला अजून आहे.

झालं काय होतं? मास्कमधून पाहताना वस्तू खरीपेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते. म्हणजे बारा इंचांचा मासा डोळ्यांना सोळाचा वाटतो. म्हणूनच नवशिक्याचा वार आखूड पडतो, आणि म्हणूनच लहान मासे मारले जातात. यावर उपाय साधा आहे. टोकापासून मागे बरोबर सोळा इंचांवर दांड्याला रंगीत टेपचं कडं गुंडाळा. भाला माशाजवळ नेला की दांडाही तितकाच मोठा दिसतो, मग तुलना खरी होते. मासा कड्यापर्यंत पोचत नसेल तर मूठ सैल करायची नाही. काठावरचा वाटला तरीही नाही.

हॉगफिशला गाठायला पाठलाग लागत नाही. तो चौकस मासा आहे. तळाशी पालथं पडून चिमूटभर वाळू उधळा, तो स्वतःच बघायला येतो. पण जो येतो तो कोण, हे ओळखा. हा मासा जन्मतः मादी असतो, मोठा झाल्यावर काही नर होतात, आणि एक नर आपल्या माद्यांच्या घोळक्याची राखण करतो. लांब थोराड तोंडाचा सगळ्यात मोठा मासा म्हणजे बहुधा तो नर. त्याला मारलं की मोठ्या मादीला नर व्हायला काही महिने लागतात, आणि तोवर त्या घोळक्याची वीण खोळंबते. मी आता कळपातला सगळ्यात मोठा मासा सोडून देतो. कायदा तसं सांगत नाही, हे माझं मी ठरवलेलं आहे.

लायनफिशच्या बाबतीत हे सगळं उलटं. तो मूळचा हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला, म्हणजे आपल्याच बाजूचा. फ्लोरिडाच्या पाण्यात तो पहिल्यांदा 1985 मध्ये दिसला. इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहामाजमधल्या एका प्रयोगात, लायनफिश असलेल्या छोट्या खडकांवर येणाऱ्या नव्या देशी पिल्लांची संख्या पाच आठवड्यांत 79 टक्क्यांनी घटली. म्हणून फ्लोरिडात त्याला हंगाम नाही, मापाची अट नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि पोल स्पिअरनं मारायला परवानाही लागत नाही.

इथे तीन-चार फुटांचा आखूड भाला आणि दात्यांचं टोक बरं. लायनफिश पळत नाही, आपल्या काट्यांवर विसंबून तिथेच राहतो. पाठीवर तेरा, पोटाला दोन आणि शेपटीकडे खाली तीन, असे अठरा विषारी काटे. हात न लावता त्याला बंद नळकांड्यात ढकला. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. विष काट्यांत असतं, मांसात नाही. मांस पांढरं आणि सौम्य, रव्यात घोळून तळलं तर घरचे ताट पुसून खातात.

पण वार चुकला तर? जिथे लायनफिश वारंवार मारले जातात त्या खडकांवर ते दिवसा कमी फिरतात आणि कपारीत जास्त खोल दडतात, हे अभ्यासात दिसलं आहे. म्हणून इथेही घाई नको. डोळ्याच्या मागे, डोक्याजवळ, अगदी जवळून, एकच वार.

दमाचं सांगताना मी नेहमी आवाज चढवतो, त्याबद्दल माफ करा. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यायची तळमळ उशिरा जागी होते. तेवढ्यात वर येताना माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला आधी काहीच कळत नाही. एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं वर राहून बघायचं. वर आल्यावरसुद्धा अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर हलवायची नाही. जोडीदार नसेल त्या दिवशी मी किनाऱ्यावर बसतो. खाली माणूस बुडी मारतो आहे हे बोटींना सांगणारा लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा, बरोबर हवाच, आणि उघड्या पाण्यात त्याच्यापासून 300 फुटांच्या आत राहायचं.

रबर उन्हात ठेवू नका. दोन बोटांत ताणून बघा, भेगा दिसल्या की बदला. भाला गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर जोडांचे आटे मिठानं धरतात. टोकाला थोडी कानस मारून ठेवा.

हा माझा सहा फुटी भाला, फिरवा सगळ्यांत. दांड्यावरचं पिवळं कडं बघा, तेच सोळा इंच. फास हातात घालून बघायला हरकत नाही, पण रबर इथे कुणी ताणू नका. ते फक्त पाण्यात ताणायचं असतं.