बर्फाखालचं ऐकणारी माणसं

एप्रिल संपत आलाय. हे अलास्काच्या उत्तर टोकाचं उत्कियाविक. 2016 पर्यंत नकाशावर याचं नाव बॅरो होतं. गावाच्या पुढे गोठलेला समुद्र. बर्फाचे उंचवटे कुदळींनी फोडत, वाट काढत इनुपियाक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांमधले, शिकारी त्याच्या कडेला येऊन बसलेत. समोर उघड्या पाण्याची काळी चीर. बेरिंग समुद्रातून बोफोर्ट समुद्राकडे निघालेले बोहेड देवमासे याच चिरेतून जातात.

ही होडी नीट पाहा. उमियाक. लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेली सीलची कातडी. ती शिवायचं काम बायकांचं, दोरा कॅरिबू हरणाच्या कंडरेचा. सुई कातड्याच्या आरपार न्यायची नाही, जाडीतल्या जाडीतच फिरवायची. मग टाक्यातून पाणी झिरपत नाही. आणि अशी होडी पाण्यात आवाज करत नाही. इथे सगळा खेळ त्याचाच आहे. बोहेडचे कान भलतेच तिखट, म्हणून तळावर मोठ्याने बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. पाण्याखालची चाहूल घ्यायची तर वल्ह्याचं पातं बुडवायचं आणि दांडा कानाशी धरायचा.

1848 पासून अमेरिकी जहाजं बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून येऊ लागली. त्यांना हवं होतं तेल, आणि बायकांच्या कॉर्सेटमध्ये घालायला देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या. पुढच्या साठेक वर्षांत त्यांनी हजारो बोहेड संपवले. 2007 साली इथल्या शिकाऱ्यांनी मारलेल्या एका बोहेडच्या अंगात एकोणिसाव्या शतकातल्या बाँबभाल्याचा, म्हणजे अंगात घुसून फुटणाऱ्या भाल्याचा, तुकडा निघाला. त्या जखमेनंतर तो शंभराहून जास्त वर्षं पोहत होता!

पण 1977 साली बंदी आली ती इनुपियाकांवर. देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग म्हणाला, बोहेड फार तर दोनेक हजार उरलेत. शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकतेय. देवमासे बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, ते तुम्हाला दिसतच नाहीत. त्यांनी स्वतःचा आयोग उभारला, भांडून छोटा कोटा मिळवला आणि शास्त्रज्ञांना बर्फावर नेलं. ऐंशीच्या दशकात पाण्यात मायक्रोफोन सोडले गेले. कडेवरून एकही देवमासा दिसत नसतानाही खालून आवाज येत होते. वल्ह्याच्या दांड्याने हे केव्हाच सांगितलं होतं, पण दांड्याची साक्ष कोण नोंदवणार? 2011 च्या मोजणीत आकडा सोळा हजारांच्या पुढे गेला.

देवमासा मिळाला की रेडिओवर हाक जाते आणि अख्खं गाव बर्फावर येतं. कप्पी आणि जाड दोर लावून शेकडो हात ओढतात; कधी कधी तासन्‌तास. मग वाटे पडतात. चरबीसकट कातडी म्हणजे मकताक, ती उकळून तिथल्या तिथे सगळ्यांच्या हातात. मांस विकायचं नाही. ज्या टोळीला देवमासा मिळाला, तिचा उमियालिक, म्हणजे कप्तान, आणि त्याची बायको जूनमध्ये नालुकाताकच्या सणाला गावजेवण घालतात.

उरलेलं तळघरात. गोठलेल्या जमिनीत खणलेल्या या खोल्या वर्षभर थंड राहायच्या. आता जमीन वितळतेय, काहींत पाणी साचतं. तिथला वाटा घरातल्या विजेच्या फ्रीजरमध्ये जातो.