कपडा उलटा करून बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय जरा भारदस्त छापला गेलाय, ‘फॅशन डिझायनर आणि संग्रहालय’. पण समोर आपल्या बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूरची शिलाईवाली मंडळी बसलीत, शिवणक्लासच्या मुली बसल्यात, हे बघून बरं वाटलं. बोलायचंय ते तुमच्याच कामाबद्दल. माणूस तेवढा स्पेनमधला, आणि प्रदर्शन लंडनमधलं.

माणसाचं नाव क्रिस्तोबाल बालेन्सियागा. आजच्या मुलांना हे नाव माहीत आहे ते हजारो रुपयांच्या बुटांमुळे आणि पिशव्यांमुळे. तो बालेन्सियागा आज मला नकोय. मला हवाय १८९५ साली गेतारिया नावाच्या मासेमारीच्या गावात जन्मलेला शिंपिणीचा मुलगा. वडील दर्यावर्दी, ते लवकर गेले. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. गावात उन्हाळ्याला एक सरदार घराणं राहायला यायचं. त्या घरची मार्किझ, म्हणजे सरदारीणबाई, आईकडे कपडे शिवायला टाकायची. हा पोरगा तिचे पॅरिसचे झगे हातात घेऊन बघायचा, आणि पुढे त्याच बाईच्या आधारानं कामाला लागला. १९१७ साली सान सेबास्तियानमध्ये त्याचं स्वतःचं दुकान सुरू झालं. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तसा तो पॅरिसला गेला आणि १९३७ साली तिथल्या जॉर्ज पाचवा या रस्त्यावर त्यानं आपलं घर थाटलं. कपड्याच्या धंद्यात ‘घर’ म्हणतात ते पेढीसारखं, दुकान आणि कारखाना एकत्र. १९६८ साली त्यानं ते आपणहून बंद केलं आणि १९७२ साली तो वारला.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं मे २०१७ ते फेब्रुवारी २०१८ असं त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. पहिल्या दुकानाला शंभर वर्षं झाली, पॅरिसच्या घराला ऐंशी, असा तो मुहूर्त. मुलीकडे गेले असताना मी ते पाहिलं. आत अंधार फार. बऱ्याच लोकांची तीच तक्रार होती. पण रेशमावर उजेड पडला की रंग उडतो, धागा कुजतो, म्हणून संग्रहालयं जुन्या कापडावर पन्नास लक्सच्या आसपासच, म्हणजे अगदी मंद, प्रकाश ठेवतात. आपल्याकडे आजीची पैठणी काचेच्या कपाटात खिडकीसमोर टांगून ठेवणाऱ्यांनी एवढं जरी ऐकलं तरी पुष्कळ झालं.

आता मुख्य गोष्ट. या प्रदर्शनात काही झग्यांचे एक्स-रे लावले होते! दवाखान्यात हाडाचे काढतात तसेच. निक व्हिझी नावाच्या छायाचित्रकारानं ते काढले. वरून बघितला तर झगा ढगासारखा हलका, एक्स-रेमध्ये बघितला तर आत सगळा संसार: कमरेत बसवलेल्या पट्ट्या, हुक, घेर नेमका जिथे पडायला हवा तिथे पडावा म्हणून आत दडवलेली छोटी वजनं. आणि कुठे कुठे टाचण्या. शिवताना टोचलेली, काढायची राहून गेलेली टाचणी. पॅरिसच्या त्या शिंपिणीला कुणी बोललं असेल की नसेल कोण जाणे, पण साठ वर्षांनी तिची टाचणी संग्रहालयाच्या भिंतीवर लागली. तळमजल्याचा पुष्कळ भाग असा कामाच्या खोलीचाच होता: नुसते आराखडे, कापडाचे नमुने, मांजरपाटात आधी शिवून बघितलेले कच्चे कपडे. लंडनच्या फॅशन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याचे जुने झगे मोजून, त्यांचे काट, म्हणजे कापड कापायचे आकार, पुन्हा कागदावर उतरवून मांजरपाटात शिवले होते. मी झग्यांपेक्षा त्या मांजरपाटांपुढे जास्त वेळ उभी राहिले.

कारण झग्याची उलटी बाजू हीच आपल्या धंद्याची खरी परीक्षा, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलीला ब्लाउज शिवायला शिकवताना आपण पहिलं काय करतो? तिचा शिवलेला ब्लाउज उलटा करतो. तिच्या टिपा सरळ आहेत का, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो तिथे, शिवणीपलीकडे माया किती सोडली, अस्तर कुठे ओढलंय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. संग्रहालयात मात्र पुतळ्यावर कपडा चढवला की उलटी बाजू कायमची झाकली जाते. त्यामुळे एक्स-रेची कल्पना मला फार पटली. नुसता डौल दाखवायचा असता तर चांगले फोटो पुरले असते.

बालेन्सियागाचं वेड होतं बाहीचं. मुंढ्यात बाही बसवणं ही शिलाईतली सगळ्यात अवघड गोष्ट, हे तुम्हाला सांगायला नको. बसवलेली बाही मनाला आली नाही तर तो ती उसवायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा उसवायचा. समोर बसलेल्या माणसाच्या अंगातल्या कोटाची बाही खुपली म्हणून तीच उसवली, असेही किस्से सांगतात. तो स्वतः काटत होता, जोडत होता, हातानं शिवत होता. पॅरिसच्या त्या काळात नुसतं चित्र काढून कारागिरांच्या हवाली करणारे पुष्कळ होते. प्रत्येक हंगामात एक काळा झगा तो अथपासून इतिपर्यंत स्वतः शिवायचा, अशी त्याची ख्याती. १९६१ सालचा त्याचा एक कोट आहे, त्याला शिवण एकच. एक! कापडाचा एक तुकडा, असा वळवलेला की अंग, बाही, खांदा सगळं त्यातच.

हे कापडाच्या जिवावर चालतं. त्याच्याकडे झगा आधी आणि कापड मागून, असा क्रमच नव्हता. कापड हातात घ्यायचं, ते कसं पडतंय, कसं उभं राहतंय ते बघायचं आणि मग काट ठरवायचा. १९५८ साली झुरिकच्या अब्राहम कंपनीनं त्याच्यासाठी गझार नावाचं रेशीम विणलं. घट्ट पिळाचं, खळ न लावताही ताठ उभं राहणारं. त्या गझारमधला १९६७ सालचा लग्नाचा झगा बघा, मोजक्याच शिवणी आणि बाई जणू एखाद्या घंटेत उभी.

इथे मला आपल्याकडच्या खणाची आठवण येणं साहजिक आहे. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान. दोन्ही बाजूंना काठ. जुन्या गाठीच्या चोळीचा काट ठरला तो त्या पन्ह्यामुळे आणि त्या काठामुळे. काठ दंडावर आला पाहिजे, कापड वाया जाता कामा नये, आणि छातीशी गाठ मारून चोळी अंगाबरोबर बसली पाहिजे. वाढत्या अंगाला, बाळंतिणीला, वाळलेल्या म्हातारीला तीच चोळी गाठ सैल-घट्ट करून चालायची. हा विचार कुणा एकाच्या नावावर नाही. इलकलच्या लुगड्याचंही तसंच. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्ही मागावरच फासे अडकवून जोडायचे, तो टोपपदर. अंगाला सूत परवडतं म्हणून सूत, पदराला मिरवायचं म्हणून रेशीम. पैशाचा हिशेब आणि देखणेपणा एकाच जोडात बसवलाय. आपल्या बायका त्याला इरकल म्हणून मोकळ्या होतात, पण तो जोड भिंग लावून बघा एकदा.

आता बालेन्सियागाच्या कपड्यातल्या बाईबद्दल थोडं बोलते, कारण मागच्या रांगेतल्या बायकांना ते आवडेल. त्याच वेळी क्रिस्तियाँ दिऑर नावाचा दुसरा मोठा डिझायनर कंबर आवळून आवळून मुंगीसारखी करत होता. बालेन्सियागानं १९५१ साली असा कोट काढला की पुढून अंगाबरोबर आणि मागून मोकळा. १९५७ साली तर कमरच नसलेला, पोत्यासारखा झगा काढला आणि वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. पण त्याची पुष्कळ गिऱ्हाइकं पोट सुटलेल्या, मान आखूड झालेल्या, पन्नाशीच्या बायका होत्या. त्यानं कॉलर मानेपासून जरा मागे सोडली, म्हणजे मान लांब दिसते. बाही मनगटाच्या वर थांबवली, म्हणजे हातातल्या बांगड्या, ब्रेसलेट दिसतं. आपल्याकडे गिऱ्हाईक हातभर चुडा भरून येतं आणि शिंपी बाही मनगटापर्यंत आणून तो झाकून टाकतो, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

लंडनच्या त्या प्रदर्शनात वरच्या मजल्यावर त्याचा प्रभाव मांडला होता. एका बाजूला त्याचा झगा, शेजारी आजच्या कुणाचा तरी, आणि बघा किती साम्य. खरं सांगायचं तर तो भाग मला तेवढा भावला नाही. फुगीर बाही फुगीर बाहीसारखी दिसते, त्यात काय? कॉपी तर त्याच्या हयातीतच जोरात चालली होती. पॅरिसचे नमुने अमेरिकेतले कारखानदार पैसे भरून न्यायचे, काही पैसे न भरताच चोरायचे. त्याला कंटाळून १९५६ पासून त्यानं वर्तमानपत्रांना कपडे दाखवायचे ते खरेदीदारांना दाखवून झाल्यावर महिनाभरानं. आपल्या यंत्रमागांवर हातमागाच्या इरकलीची नक्कल किती दिवसांत उतरते, ते वडगावात विचारा. त्यात कुणाचं पोट भरतं हेही मी विसरत नाही. पण त्याला प्रभाव म्हणायचं झालं तर मोठी पंचाईत आहे.

खरा प्रभाव त्याच मजल्यावर होता, फक्त तो नावांच्या पाट्यांत वाचावा लागत होता. आंद्रे कूरेज हा पुढे गाजलेला डिझायनर १९५० पासून दहा-अकरा वर्षं बालेन्सियागाच्या हाताखाली काटत होता, आणि १९६१ साली स्वतःचं दुकान काढलं. त्याचे कपडे बघितले तर आखूड, पांढरेशुभ्र, चंद्रावर जायला निघालेल्या मुलींचे. गुरूच्या कपड्यांशी वरवर काही संबंध नाही. पण काट बघा, कापड अंगापासून जरा सुटं उभं राहतंय, शिवणी कमीत कमी. एमान्युएल उंगारोही १९५८ पासून तिथेच शिकला. ऑस्कर दे ला रेन्ता बालेन्सियागाच्या माद्रिदच्या दुकानात उमेदवारी करत होता. पाको राबान पुढे पत्र्याचे नि प्लास्टिकचे झगे काढून गाजला, त्याची आई बालेन्सियागाच्या सान सेबास्तियानच्या दुकानात मुख्य शिंपीण. ह्युबेर द जिवाँशी हा डिझायनर तर शिष्यही नव्हता, मित्र होता. बालेन्सियागानं दुकान बंद केलं तेव्हा आपली गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाठवली.

म्हणजे प्रभाव गेला तो हाताखालच्या माणसांतून. आपल्याकडे वेगळं काय चाललंय? खडेबाजारातल्या, गणपत गल्लीतल्या कुठल्याही जुन्या दुकानाचा वंश विचारा. अमक्याच्या हाताखाली काजं-बटणं केली, मग पँटचे पाय शिवले, मग कापडावर आखायचा खडू हातात मिळाला. कॅम्पातल्या पलटणीचे गणवेश शिवणाऱ्यांकडे शिकलेल्या माणसाची पँट आजही ओळखू येते, तिची इस्त्रीची घडी पायाच्या मधोमध येते म्हणजे येतेच. पूर्वी शहापूर सांगली संस्थानात, छावणी इंग्रजांची, त्यामुळे इकडची लुगडी आणि तिकडचे कोट अशा दोन शाळा एका गावात चालल्या. एकाच गल्लीत कानडी उस्ताद आणि मराठी पोऱ्या, किंवा उलट, आणि माप घेताना आकडे दोघांचे मिसळलेले. पण उस्ताद गेला की त्याचा काट ज्याच्या बोटांत उतरला त्याच्यापुरता राहतो. मापाची वही रद्दीत जाते.

बालेन्सियागाच्या गावानं, गेतारियानं, २०११ साली त्याचं संग्रहालय उघडलं, त्या मार्किझच्या वाड्याला लागूनच. गाव केवढं, तर आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं. इथे इमारतीची आणि निधीची बात मी करणार नाही, ती भाषणं तुम्ही भरपूर ऐकलीत. माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या महिन्यात या हॉलमध्ये दोन दिवस जुन्या शिलाईचं प्रदर्शन भरवायचं ठरतंय. लोक शालू, पैठण्या, जरीच्या टोप्या घेऊन येतील, त्या आणाच. पण सोबत उसवलेली चोळी आणा, फाटलेलं अस्तर आणा, मापाच्या वह्या आणा, ज्यात ‘पाटलीणबाई, डावा खांदा खाली’ असलं काही लिहिलेलं असेल त्या तर आधी आणा. आणि प्रत्येक कपड्याच्या पाटीवर तो कुणी वापरला याच्या आधी कुणी शिवला ते लिहायचं. शिंपी आठवत नसेल तर कुठल्या गल्लीतलं दुकान, तेवढं तरी.

डाव्या टेबलावर मी माझ्या शिवणक्लासमधली एक जुनी गाठीची चोळी ठेवलीय. तिची एक बाजू पूर्ण उसवून तुकडे कापडाच्या पन्ह्यावर होते तसे मांडलेत, दुसरी बाजू तशीच शिवलेली आहे. शिवणक्लासच्या मुलींनी ती आधी बघावी, कारण त्यांनी उद्या मला तिचा काट कागदावर काढून दाखवायचा आहे. बाकीच्यांनी चहा झाल्यावर बघा, हात स्वच्छ पुसून. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या इकडे द्या, कानडीत लिहिल्या तरी चालतील.