खपलीचं देणं

(दृश्य : पहाट. धुक्यातल्या गव्हाच्या ओळी. बांधावर पत्र्याची पेटी.)

जानेवारीचा दुसरा आठवडा. पुणे जिल्ह्यातलं गव्हाचं एक प्रयोगक्षेत्र. सकाळचे सात वाजलेत, पानांवरचं दव अजून उतरलेलं नाही. पेटीत काय आहे ते बघा. दोन चिमटे, एक छोटी कात्री, बटर पेपरच्या पिशव्या, जेमक्लिपा आणि दोऱ्यात ओवलेले पांढरे टॅग. लिहायला पेन्सिल, कारण पेनाची शाई दवानं पसरते आणि टॅगवरचं नाव पुसलं तर वर्ष वाया जातं.

(दृश्य : मावशी खाली बसतात. ओंबी बोटांत धरतात. अगदी जवळून.)

या मावशी दर रब्बीला इथे असतात. त्यांच्या हातात आहे ती ओंबी पोटरीतून नुकतीच बाहेर पडली आहे. गव्हाच्या वेगवेगळ्या रोपांची आपणहून सोयरीक सहसा होत नाही. फूल उघडायच्या आतच त्याचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात आणि दाणा धरतो. शेतकऱ्याच्या हे सोयीचंच, बी शुद्ध राहतं. पण दोन वाणांचे गुण एका दाण्यात आणायचे असतील, तर माणसाला मध्ये पडावं लागतं.

आधी ओंबीच्या टोकाची आणि बुडाची फुलं काढून टाकली. ती उशिरा पिकतात आणि दाणाही बारीक धरतात. मग उरलेल्या प्रत्येक झुपक्यातलं मधलं फूल गेलं. आता कात्रीनं तुसांचे शेंडे उतरवले आणि आतलं दिसायला लागलं. पोपटी रंगाचे तीन परागकोश, आणि त्यांच्यामध्ये पिसासारखी दुभंगलेली कुक्षी. चिमटा आत जातो, तीन वेळा बाहेर येतो. कुक्षीला धक्का लागता कामा नये.

"हिरवे आहेत तोवरच काढायचे," मावशी मान वर न करता सांगतात. "पिवळा दिसला की ती ओंबी सोडून द्यायची. फुटलेला असतो तो."

या ओंबीवर वीस फुलं ठेवली आहेत. म्हणजे साठ परागकोश. एक जरी आत राहिला, तर तो दाणा संकराचा नाही, आईचाच. आणि हे आत्ता कुणाच्याच लक्षात येणार नाही, पुढच्या वर्षी रोप वाढल्यावर कळेल. आम्ही कॅमेरा न हलवता ही एक ओंबी शेवटपर्यंत टिपली. सतरा मिनिटं लागली.

पिशवी चढली, क्लिप लागली. टॅगवर आईचं नाव आणि तारीख. बापाच्या नावाची जागा कोरी.

(दृश्य : शेजारचा वाफा. उंच, निळसर झाक असलेला गहू. वाऱ्यावर डोलणारी कुसळं.)

बाप पलीकडच्या वाफ्यात उभा आहे. हा खपली.

आपल्याकडे गव्हाची तीन घराणी मानतात. पोळीचा सरबती, रव्या-शेवयांचा बन्सी आणि तिसरा हा खपली, कुणी याला जोड गहू म्हणतं. मळणी झाली तरी याचा दाणा टरफल सोडत नाही. तो कांडावा लागतो किंवा गिरणीत वेगळा भरडून घ्यावा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि खाली बेळगावकडच्या पट्ट्यात तो अजून पेरला जातो. गावजेवणाच्या भंडाऱ्याला मोठ्या कढईत शिजते ती गुळाची खीर याचीच असते. बाजारात मात्र सरबतीनं त्याला केव्हाच मागे टाकलं. कांडायचा खटाटोप, उंच वाढून लोळणारं पीक आणि कमी उतारा यांमुळे खपली एकेका गावातून कमी होत गेली. अनेक घरांत त्याचं बी उरलं ते केवळ आजीनं खिरीपुरत्या दोन ओळी लावायचा हट्ट धरला म्हणून. त्या हट्टाचं मोल काय आहे, ते पुढे दिसेल.

(दृश्य : काचघर. कुंडीतली रोपं. पानांवर विटकरी फोड. हातमोज्याचं बोट पानावरून फिरतं, बोट केशरी होतं.)

हा तांबेरा. काही जण गेरवा म्हणतात. बोटावर आलेली ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. साध्या डोळ्यांना एकेकटा दिसणार नाही इतका प्रत्येक लहान.

आता हे नीट ऐका, कारण या बुरशीची सगळी ताकद इथे आहे. बीजाणू पानावर पडतो. रात्री दव पडलं की त्याला कोंब फुटतो. तो कोंब पानावरून सरकत पर्णरंध्र शोधतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीला मारत नाही. तिला जिवंत ठेवतो आणि तिच्यातलं अन्न ओढत राहतो. साधारण दोन आठवड्यांत पान फुटतं आणि एकेका फोडातून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर जातात. रोपानं दाण्यासाठी केलेली कमाई तांबेरा खातो. खोडावर येणारा काळा तांबेरा आणि पानावरचा तपकिरी तांबेरा हे आपल्याकडचे दोघे. पिवळ्याला थंडी मानवते, त्याचा त्रास उत्तरेत.

जिवंत रोपाशिवाय हा जगत नाही. काचेच्या बशीत खाद्य घालून त्याला सहजासहजी वाढवता येत नाही. म्हणून तांबेऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांना तांबेराच पोसावा लागतो. या कुंड्यांमधला गहू कापणीसाठी नाही, तो बुरशीला जगवण्यासाठी लावला आहे. महाबळेश्वरला यासाठी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथला गारवा आणि ओल बुरशीला मानवते.

(दृश्य : नकाशा. निलगिरीपासून उत्तरेकडे सरकणाऱ्या रेषा. ढगांची हालचाल.)

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात शेतात गहू नसतो. मग दर वर्षी तांबेरा येतो कुठून? हा प्रश्न गेल्या शतकात आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी धसाला लावला. मैदानातल्या उन्हात बीजाणू टिकत नाहीत. ते थंड डोंगरांत तग धरतात आणि तिथून परततात. पुढे नागराजन आणि जोशी यांनी त्यांची हवाई वाट दाखवली. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत वर्षभर कुठे ना कुठे गहू उभा असतो. नोव्हेंबरच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, वारा बीजाणू उचलतो, पाऊस ते मध्य भारताच्या पिकावर उतरवतो. आपण पेरणी उरकून निवांत होतो, तेव्हा तांबेरा वाटेत असतो.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. मग विधी महाविद्यालय रस्त्यावरची इमारत, झाडांची सावली.)

१९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतात काळ्या तांबेऱ्यानं गव्हाची धूळधाण केली. त्याच १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. मालवणला जन्मलेले आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे संस्थापक संचालक. आज ती संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते, आघारकर संशोधन संस्था. गव्हाच्या पिशवीवर 'एमएसीएस' ही विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं दिसली, तर तो वाण इथला. सरबती, बन्सी, खपली या तिन्ही घराण्यांचे वाण इथून बाहेर पडले आहेत. एमएसीएस २९७१ हा त्यातला बुटका खपली, लोळू नये म्हणून मुद्दाम बुटका केलेला.

(दृश्य : जुनं शोधनिबंधाचं पान. बोट एका नावावर थांबतं.)

हे पान बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे स्टेकमन आणि लेव्हिन, १९२२. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायच्या कशा, तर ठरलेल्या १२ गव्हांवर तो सोडायचा आणि कोणता गहू बळी पडतो, कोणता उभा राहतो ते मांडायचं. त्या बारांच्या यादीतलं हे शेवटचं नाव. रोमन लिपीत, पण नाव आपलंच : खपली.

आपल्याकडून गेलेलं बी आपल्या नावासकट जगाच्या तांबेरा-शास्त्रात जाऊन बसलं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉटरहाउस यांनी त्याचा संकर स्टाइनवेडेल नावाच्या पोळीच्या गव्हाशी केला. हे सोपं नव्हतं. खपलीची गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हाची ४२. असा संकर बहुतेक वेळा वांझ निघतो. त्यातून जे टिकलं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं खपस्टीन.

(दृश्य : पुन्हा काचघर. लाल झालेली रोपं, त्यांच्याशेजारी हिरवी रोपं.)

मग १९९९ आलं. युगांडात काळ्या तांबेऱ्याची अशी जात समोर आली, की जगभरच्या गव्हांनी ज्याच्यावर भिस्त ठेवली होती ते एसआर-३१ हे जनुक तिच्यापुढे निकामी ठरलं. तिला युजी-९९ म्हणतात. ती केनिया, इथिओपिया, येमेन करत इराणपर्यंत पोचली. तिला अडवणाऱ्या जनुकांचा शोध सुरू झाला, तेव्हा जी थोडी कामाची निघाली त्यांत एसआर-१३ होतं. ते खपलीत आहे. गव्हाच्या ६-ए या गुणसूत्रावर ते नेमकं कुठे बसलं आहे, हे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटानं दाखवून दिलं आणि ते जनुक वेगळं काढलं.

ते करतं काय? पेशीच्या आत ते पहारेकरी प्रथिन तयार करतं. बुरशीची चाहूल लागली की ती पेशी आणि तिच्या भोवतालच्या काही पेशी मरण पत्करतात. गावात आग लागली की शेजारच्या घराचं छप्पर आपणच उतरवतो, तसं. जिवंत पेशी नाही म्हणजे बुरशीला अन्न नाही. पानावर फोडाऐवजी उरतो तो हा एवढासा फिकट ठिपका.

(दृश्य : फवारणी. ओलसर पेटीत झाकलेली रोपं. चौदाव्या दिवशी भिंग. वहीत आकडे.)

तेच इथे तपासलं जातं. पहिलं पान पुरतं उलगडलं की रोपावर बीजाणू फवारायचे, रात्रभर अंधारात ओल धरून ठेवायची, आणि दोन आठवड्यांनी प्रत्येक पान भिंगाखाली घेऊन ० ते ४ गुण द्यायचे. या परीक्षेत कमी गुण मिळवणारा पास. वही सांभाळणाऱ्या ताई एका पानावर बराच वेळ थांबतात. १ की २? त्या पान उलटून खालची बाजू बघतात, २ लिहितात आणि ते रोप वेगळं ठेवतात.

उरलेल्या रोपांच्या पानाचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत जातो. तो ठेचून डीएनए काढायचा आणि हवं ते जनुक आलं आहे की नाही ते खुणेवरून पाहायचं. पूर्वी त्यासाठी रोप मोठं होऊन त्याला रोग लागायची वाट बघावी लागे. २०१८ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत रोपांना दिवसाचे २२ तास उजेड देऊन वर्षात गव्हाच्या सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात. तरी शेवटचा निकाल शेतातच लागतो. प्लॉटच्या कडेनं मुद्दाम आग्रा लोकलसारखा तांबेऱ्याला लगेच बळी पडणारा गहू लावतात. तो लाल झाला की मधल्या ओळींची खरी कसोटी सुरू होते. संकर, मग सात-आठ पिढ्यांची निवड, मग देशभरच्या चाचण्या. एका वाणामागे दहा-बारा वर्षं सहज जातात. एवढा धीर ज्यांच्याकडे आहे, त्या सार्वजनिक संस्था आणि त्यांच्या शेतांवरचे हात आपण सांभाळायला हवेत, असं मला कळकळीनं वाटतं.

(दृश्य : पिकलेला गहू. मळणीचा धुरळा.)

सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावात एमएसीएस ६४७८ पेरला, तेव्हा हेक्टरी २५-३० क्विंटलवरचा उतारा ४५-६० वर गेला. पण काम इथे संपत नाही. एसआर-१३ ला न जुमानणाऱ्या तांबेऱ्याच्या जाती इथिओपियात सापडल्या आहेत, म्हणून आता एका वाणात दोन-तीन जनुकं एकत्र बसवतात.

(दृश्य : मडकं. राखेत मिसळलेलं खपलीचं बी. सुरकुतलेला हात ते परातीत ओततो.)

ही दुसरी जागा, शेतकऱ्याचं घर. या आजींनी खपलीचं बी राखेत घालून मडक्यात ठेवलं आहे, सासूनं शिकवलं तसं. "खिरीला हा लागतोच," त्या म्हणतात. तांबेरा, जनुक, युगांडा यांतलं त्यांच्या कानावर काही आलेलं नव्हतं. आम्ही सांगितलं, तेव्हा त्यांनी मूठभर दाणे उचलले आणि एकेक दाणा जवळ धरून बराच वेळ पाहिला.

(दृश्य : तिसऱ्या दिवशी सकाळ. पुन्हा तेच शेत.)

दव उतरलं आहे. पराग ओला असला तर झडत नाही, म्हणून आज काम थोडं उशिरा सुरू झालं. मावशी पलीकडच्या वाफ्यातून खपलीची ओंबी तोडून आणतात. तिचे परागकोश आता पिवळे आहेत, हेच हवे होते. पिशवीचं तोंड उघडतात. आतल्या कुक्षी परवापेक्षा पिसारलेल्या दिसतात. खपलीची ओंबी वरून उलटी धरून बोटानं हलकेच फिरवली. उजेडात धूळ उडाल्यासारखं दिसलं ना, ते पराग.

पिशवी पुन्हा बंद. मावशी कानावरची पेन्सिल काढतात. टॅगवर आईच्या नावापुढे फुली मारतात आणि कोऱ्या जागेत लिहितात : खपली. खाली आजची तारीख. पेटी उचलतात आणि पुढच्या ओंबीपाशी बसतात.