किती लांबून?

मंडळी, आज मला ‘प्रवास आणि कॅमेरा’ असा विषय दिलाय. असा विषय असला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो आत्ता बाहेर चहाच्या टेबलापाशीच दोघांनी विचारून झालाय : कोणता कॅमेरा घ्यावा? मी उत्तर टाळत नाही, पण आधी उलटा प्रश्न विचारतो. ज्याचा फोटो काढायचाय त्याच्यापासून तुम्हाला किती लांब उभं राहायचंय? ते कळलं की लेन्स ठरते, लेन्सवरून बॉडी, बॉडीवरून बॅग, आणि बॅगेच्या वजनावरून तुम्ही हरिश्चंद्रगड चढणार की पायथ्याशी पिठलं-भाकरी खाऊन परत येणार, हे ठरतं. आपल्याकडे सगळं उलट्या बाजूनं सुरू होतं. दसऱ्याला ऑफर येते, ऑफरमध्ये बॉडीबरोबर दोन लेन्स येतात, आणि मग त्या दोन लेन्सना काहीतरी काम द्यायचं म्हणून आपण सहली आखत बसतो.

एक गोष्ट आधी साफ करून घेऊ, कारण वर्षानुवर्षं कॅमेरा हाताळणारेही इथे गफलत करतात. लोक म्हणतात, टेली लेन्स (लांबचं मोठं करून दाखवणारी) मागचं पुढे आणते आणि वाइड लेन्स (रुंद दृश्य मावणारी) मागचं लांब ढकलते. लेन्स असलं काही करत नाही. ते तुमचे पाय करतात. खोटं वाटत असेल तर उद्या सकाळी आपल्या ठाण्याच्या तलावपाळीला जा. काठाला लागलेली एखादी होडी निवडा. तिच्यापासून चार हातांवर उभे राहून २४ मिलिमीटरच्या लेन्सनं (आकडा लहान तेवढी वाइड, मोठा तेवढी टेली) फोटो काढा. होडी फ्रेमभर येईल आणि पलीकडच्या काठावरच्या इमारती अगदी बारीक, कुठेतरी लांब. आता त्याच रेषेत मागे मागे सरका, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा, २०० मिलिमीटर लावा आणि होडी आधीएवढीच मोठी दिसेल अशी फ्रेम धरा. त्याच इमारती आता होडीच्या पाठीला लागून उभ्या असतील. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र फारसं कुणी करून बघत नाही. त्या फुटपाथवरून जराही न हलता २४ लावा, फोटो काढा, आणि घरी जाऊन त्यातला होडीचा तुकडा कापून मोठा करा. दाणे दिसतील, चित्र भुसभुशीत होईल, पण होडी आणि इमारती एकमेकींपासून जेवढ्या अंतरावर दिसतात ते २००च्या फोटोत होतं तसंच्या तसं असेल. म्हणजे दृश्याची ठेवण तुमच्या जागेनं ठरली, लेन्सनं फक्त कापून दिलं. आषाढीच्या वेळी दिवे घाटाचे जे फोटो छापून येतात, वळणावर वळण आणि प्रत्येक वळण माणसांनी गच्च भरलेलं, ते याच कारणानं तसे दिसतात. काढणारा फार लांब उभा असतो.

एवढं पटलं की दुकानातली निम्मी चर्चा आपोआप गळून पडते. उरतो तो एकच मुद्दा. आपण लांब का उभे आहोत? लांब राहण्याचं कारण आहे, की नुसता संकोच?

लांब राहण्याला कारण आहे अशी जागा आपल्या दारात आहे. ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिकीट कधीचं काढायचं हे तिथे घड्याळ सांगत नाही, भरती सांगते. पूर्ण ओहोटीला बोटीला पाणी नसतं आणि पक्षी मैलोन्‌मैल पसरलेल्या चिखलावर पांगलेले असतात. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो, पक्षी कडेला, तिवरांच्या बाजूला दाटीनं येतात. आणखी चढलं की उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांवर जाऊन बसतात. म्हणजे तुमच्या हातात मधला थोडा वेळ.

ही वेळ काढायला आता ॲप आहेत, पण किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब माझ्या जास्त लक्षात राहिलाय. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी साधारण सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे मुंबईच्या किनाऱ्याला पूर्ण भरती. खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक घडी घातलेलं कालनिर्णय असतं, त्याचं कारण हे. बायकोला वाटतं मी धार्मिक झालो.

बोटीवर आमच्यासारख्यांची गर्दी असते आणि प्रत्येकाच्या हातात दीडशे ते सहाशे मिलिमीटरची झूम. दोन किलोच्या आसपास वजन. ती घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचं तर बॅग पोटावर, दोन्ही हात तिच्यावर, आणि ‘काका, काय तोफ आहे का?’ हे ऐकून घ्यायची तयारी. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यानं दृश्याच्या कडा कापल्या जातात त्यावर, आकडा दीडपट धरायचा, म्हणून ती नऊशेसारखी काम करते. तरी ऊन वर आलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि लांबच्या पक्ष्याच्या पिसांचा लगदा होतो. फोकस बरोबर असतो, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर असतं, ट्रायपॉडही असता तर काही उपयोग नव्हता. या हवेवर कुठल्याही किमतीची लेन्स चालत नाही. उपाय एकच, लवकर जाणं. आणि बोटीच्या कठड्यावर कोपर टेकू नका. इंजिनाची थरथर हाडांतून कॅमेऱ्यात जाते. उभं राहून, गुडघे सैल सोडून, लेन्स तळहातावर तोलून धरायची.

दुसरी अडचण उजेड मोजण्याची. करडा-काळा चिखल फ्रेमभर असतो, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पक्षी पांढरे फटक होतात. मी उजेड दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). रंग तरच टिकतो. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, त्याच्या इथे दोन जाती. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, अंगानं पांढरट, चोच गुलाबी आणि तिचं टोक तेवढं काळं. दोघांचा गुलाबी रंग अंगचा नाही, खाण्यातून येतो. शेवाळातली आणि बारीक जिवांतली रंगद्रव्यं पिसांत उतरतात.

एकदा बोटीत मागे बसलेले एक गृहस्थ नाखव्याला म्हणाले, ‘जरा इंजिन मारा की, उडतील तरी. नुसती मान खाली घालून उभी आहेत.’ फ्लेमिंगो उडताना आधी पाण्यावर पळत जातो, पंखांखालचा लाल-काळा उघडतो, म्हणजे फोटो कुणालाही हवासाच. नाखव्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, ‘साहेब, ती जेवायला आलीत.’ खरंच होतं. फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखल गाळत असतो, आणि ओहोटीचे ठरावीक तासच त्याच्या हातात असतात. तेवढ्यात पोट भरायचं. आपण उडवलं तर तेवढे घास गेले. तेव्हा इथे सहाशेची लेन्स हवी ती याच्यासाठी, की आपल्याला जवळ जावं लागू नये. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी फ्रेममध्ये खाडी घ्यावी, विजेचे मनोरे घ्यावेत, ऐरोलीचा पूल घ्यावा आणि पक्ष्यांची गुलाबी रेघ राहू द्यावी. माझ्या मते तो फोटो जास्त खरा आहे. नुसत्या पक्ष्याचं डोकं कुठल्याही देशात काढता येतं, मागे मनोरा असलेला फ्लेमिंगो बहुधा आपलाच.

आता माणसं. इथे माझं मत बरोबर उलटं आहे, आणि इथेच तुमच्यातल्या काहींशी वाद होणार. प्रवासात माणसांचे फोटो लांबून, टेलीनं, त्यांना कळू न देता काढायचे आणि त्याला ‘नैसर्गिक’ म्हणायचं, ही पद्धत मला आवडत नाही. पक्षी नको म्हणू शकत नाही, म्हणून आपण लांब राहतो. माणूस नको म्हणू शकतो, म्हणून त्याला तेवढी संधी मिळेल इतक्या जवळ जायला हवं.

जुन्या लोकांकडे बघा. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८मध्ये आपल्याकडे आले, गांधीजींच्या हत्येच्या थोडं आधी त्यांना भेटले, नंतर अंत्ययात्रा टिपली. त्यांचं आयुष्यभराचं बहुतेक काम लायका हा छोटा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स यांवर झालं. होमाई व्यारावाला, आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, ज्यांना २०११मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्या आधी स्पीड ग्राफिक आणि नंतर रोलिफ्लेक्स हे कॅमेरे वापरायच्या. रोलिफ्लेक्सची लेन्स बदलताच येत नाही. शिवाय तो पोटाशी धरून, मान खाली घालून वरून बघायचा असतो. समोरच्यावर काहीतरी रोखलंय असं दिसतच नाही. झूम हाताशी नसल्यामुळे या माणसांचं काही अडलं नाही, फक्त चालावं लागलं.

वारीत मी क्रॉप बॉडीवर ३५ मिलिमीटरची साधी लेन्स नेतो. दीडपट धरली तर बावन्न-त्रेपन्न, म्हणजे जवळपास ५०. सोबत प्लास्टिकची पिशवी, दोन रबर बँड, आणि एक सुती पंचा. विकतचं रेनकव्हर घेतलं होतं, त्यात काचेला वाफ धरते. दिंडीत शिरलं की कुणाला काय हाक मारायची हा प्रश्नच नसतो. तुम्हीही माऊली, तेही माऊली. दिवे घाट चढून पालखी सासवडला मुक्कामाला येते तेव्हा रस्त्याच्या कडेला सगळ्यांचे पाय पसरलेले असतात. तिथे एक आजी बसल्या होत्या, तुळशीवृंदावन शेजारी ठेवलेलं, आणि बाटलीच्या बुचातून थेंब थेंब तेल घेऊन टाचेच्या भेगांत जिरवत होत्या. बुचात ओतायचं, बोट बुडवायचं, भेगेवर टेकवून धरायचं, मग पुढची भेग. एक थेंब सांडू देत नव्हत्या. मी विचारलं, ‘माऊली, एक फोटो काढू का?’

‘काढ की. पन बस आदी खाली. वर बगून बगून मान मोडली माजी.’

बसलो. मग गाव विचारलं, पोरंबाळं विचारली, ठाण्याला त्यांच्या भाच्याचं काय चाललंय तेही मला विचारून झालं. या सगळ्यात फोटो झाला, आणि त्यात टाच मोठी, बूच मोठं, चेहरा किंचित मागे, डोळे माझ्याकडे. २००नं लांबून काढला असता तर म्हातारी पाय चोळतेय, एवढंच आलं असतं.

सामानाबद्दल आता थोडक्यात. आपल्या ठाण्याच्या हवेत चोरापेक्षा बुरशीला घाबरा. लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये कपाटात ठेवली की एका पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. साफ करून घ्यायला फोर्टात बोरा बाजारला चकरा माराव्या लागतात, आणि आतल्या कोटिंगवर गेली असेल तर डाग राहतोच. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवणारं ड्राय कॅबिनेट मिळतं. नसेल घ्यायचं तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. डब्यात तांदूळ घालू नका, त्याचा कोंडा लेन्सच्या झूममध्ये जातो. कोकणात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, अर्धा तास बॅगेतच गरम होऊ द्या. लडाखला उलटं, बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत ती बसते, ऊब मिळाली की पुन्हा थोडी उठते. विमानात जादाच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, चेक-इनला चालत नाहीत.

प्रश्न आलाय : मुलगा अकरावीत आहे, शिकायला काय घ्यावं? जुनी क्रॉप बॉडी आणि ३५ किंवा ५०ची १.८ची (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स, दोन्ही वापरलेलं. लेन्स टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंनी बघून घ्या, बुरशीसाठी. आणि त्याला पहाटे जांभळी नाक्याच्या बाजारात सोडा, फुलवाल्यांकडे. झूम मागेल. वर्षभर देऊ नका.

आणखी एक, ताईंचा. फोन चालतो का? उत्तम चालतो. फक्त फोनची मुख्य लेन्स बहुतेक २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि आपण नातवाच्या तोंडाला लावून फोटो काढतो, म्हणून नाक मोठं आणि कान गायब. तीन पावलं मागे जा आणि मग २ एक्स दाबा. आधी पावलं, मग बटण.