सोमवार रात्र, मेम्फिस

[पडदा काळा. प्रेक्षकांचा गलका, मग घंटा.]

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल आली, त्यांना हा माणूस आठवत असेल. अमेरिकी कुस्तीच्या रिंगशेजारी टेबलाशी बसलेला, डोक्यावर मुकुट, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बाकीचे ज्याच्या नावानं बोटं मोडायचे, त्याचीच बाजू हा घ्यायचा. जेरी लॉलर. 'द किंग'. आपल्याला वाटायचं, मुकुट म्हणजे समालोचकाचं सोंग. शोभेचं.

पण त्या मुकुटामागे खरोखरचं राज्य होतं. नकाशावर बोट फिरवून हद्द दाखवता येईल असं. राजधानी मेम्फिस, राज्य टेनेसी. दरबार दर सोमवारी रात्री, मिड-साउथ कोलिझियम नावाच्या गोल इमारतीत.

[अमेरिकेचा नकाशा. एकेका शहरावर दिवा लागतो.]

तेव्हाची अमेरिकी कुस्ती अशी तुकड्या-तुकड्यांनी वाटलेली होती. 1948 साली आयोवातल्या वॉटर्लू शहरात काही प्रमोटर, म्हणजे कुस्त्या भरवणारे धंदेवाले, जमले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. करार साधा होता. तुझा इलाका तुझा, माझा माझा. हद्द ओलांडायची नाही, आणि जगज्जेता सगळ्यांचा मिळून एक. या इलाक्यांना म्हणायचे टेरिटरी. सरकारी न्यायखात्याला यात मक्तेदारीचा वास आला. 1956 मध्ये प्रमोटरांनी कागदावर सह्या करून 'यापुढे असं करणार नाही' म्हटलं, आणि पुढची पंचवीस-एक वर्षं बहुतेक तेच केलं.

प्रत्येक टेरिटरीचा स्वभाव वेगळा. सेंट लुईसमध्ये सॅम मुचनिकचा कारभार, गंभीर आणि शिस्तीचा. तिथला टीव्हीवरचा कार्यक्रम एका झगमगीत हॉटेलात चित्रित व्हायचा, लोक नटूनथटून यायचे. डेट्रॉइटमध्ये द शीक नावाचा मल्ल तोंडावर आग फेकायचा. डल्लासमध्ये व्हॉन एरिक हे मल्लांचं घराणं. कॅल्गरीत, म्हणजे कॅनडात, स्टू हार्टच्या घराच्या तळघरात पोरं घडायची आणि विव्हळायचीही. मेम्फिसला काय होतं? मेम्फिसला गोष्ट होती.

आता, कुस्ती ठरवलेली असायची हे आपण आधीच मान्य करून टाकू. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं. इथे तो धंदाच होता, आणि धंद्यातली माणसं हे गुपित जिवापाड जपायची. त्याला त्यांच्या बोलीत शब्द होता, केफेब. नायक आणि खलनायक वेगवेगळ्या गाड्यांतून प्रवास करत. एका खाणावळीत एकत्र दिसले तर सोमवारचा गल्ला गेलाच म्हणून समजा.

टेरिटरीचं गणित प्रवासाचं होतं. सोमवारी मेम्फिस, मंगळवारी लुईव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच गावं, तेच लोक. मोटारीत बसून बसून कंबर कामातून जायची आणि पैसे मिळायचे ते तिकीटबारीवर. सहा महिने, वर्षभर एकाच इलाक्यात राहिलं की लोकांना तोंडाचा कंटाळा येतो. मग शेवटची कुस्ती लागायची 'हरेल त्यानं गाव सोडायचं' अशा अटीवर. ज्याचं पुढच्या टेरिटरीशी बोलणं झालेलं असायचं, तो हरायचा आणि बॅग उचलून निघायचा. प्रेक्षकांसाठी ती हद्दपारी, त्याच्यासाठी बदली.

आणि वर्षातून काही वेळा जगज्जेता यायचा. त्याचं काम अवघड. गावच्या नायकाशी तासभर झुंजायचं, नायक आत्ता जिंकला, आत्ता जिंकला असं वाटू द्यायचं आणि जगज्जेतेपदाचा पट्टा घेऊन पुढच्या गावाला जायचं. लू थेझला हे पद वर्षानुवर्षं मिळालं, कारण समोरच्यानं ऐन वेळी ठरलेलं मोडून खरंच चितपट करायचा प्रयत्न केला, तर त्याचा हात पिरगाळून त्याला जागेवर आणायची खरी विद्या थेझकडे होती. हाच थेझ 1968 मध्ये मुंबईत दारा सिंगशी लढला.

[कृष्णधवल छायाचित्र: काळ्या केसांत पांढरी बट असलेला मल्ल.]

मेम्फिसची गोष्ट लॉलरच्या आधी सुरू होते, स्पुटनिक मन्रोपासून. रशियनांनी उपग्रह सोडला आणि अमेरिकेत 'स्पुटनिक' ही शिवी झाली, त्या काळातला हा गोरा खलनायक. रिंगबाहेर तो बील स्ट्रीटवर, काळ्या लोकांच्या वस्तीत, झकपक कपडे घालून हिंडायचा, त्यांच्याबरोबर प्यायचा. 1950च्या दशकातल्या दक्षिणेत एवढ्यावरून पोलीस पकडत. त्यालाही पकडलं. त्यानं वकील दिला तोही कृष्णवर्णीय.

एलिस ऑडिटोरियममध्ये काळ्या प्रेक्षकांना फक्त वरच्या सज्जात बसता येई. मन्रोला बघायला सज्जा ठेचून भरायचा, बाहेर रांग आणि खाली गोऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या. मन्रोनं प्रमोटरला सांगितलं, माझ्या माणसांना हवं तिथे बसू द्या, नाहीतर मी लढत नाही. प्रमोटरनं रिकाम्या खुर्च्या मोजल्या असणार. खुर्च्या सगळ्यांना खुल्या झाल्या. प्रमोटरच्या अंतःकरणापेक्षा त्याच्या गल्ल्याची भूमिका यात मोठी असावी असं मला वाटतं, पण म्हणून त्या संध्याकाळी खाली येऊन बसलेल्यांचा आनंद काही कमी होत नाही.

[रंगीत चित्रफीत, थोडी थरथरणारी. टीव्ही स्टुडिओ.]

जेरी लॉलर याच गावचा. चित्रं छान काढायचा. कुस्त्या बघून मल्लांची व्यंगचित्रं काढायचा. ती लान्स रसेल या निवेदकाच्या हाती लागली आणि त्यानं ती कार्यक्रमात दाखवली. तिथून पोरगा आखाड्यात. 1974 मध्ये त्यानं गावचा जुना लाडका जॅकी फार्गो याला हरवलं आणि राजेपण घेतलं. तीन वर्षांनी प्रमोटर जेरी जॅरेट जुन्या मालकापासून फुटून वेगळा झाला, तेव्हा लॉलर त्याच्याबरोबर गेला.

शनिवारी सकाळी दीड तास, पाच नंबरच्या वाहिनीवर, थेट प्रक्षेपण. एक टेबल, त्यामागे लान्स रसेल आणि शेजारी डेव्ह ब्राऊन. ब्राऊन त्याच वाहिनीवर हवामान सांगायचा. उद्या पाऊस पडेल हे सांगणारा माणूसच सांगतोय की आत्ता याचं डोकं खुर्चीनं फोडलं, मग खोटं कसं असेल? शनिवारी भांडण लावायचं, सोमवारी त्याचं तिकीट विकायचं. दर आठवड्याला नवी भानगड हवी. विचार करायला मधे फक्त रविवार.

[कोलिझियम. दिवे चालू. एकही प्रेक्षक नाही.]

एप्रिल 1981. टेरी फंक, माजी जगज्जेता, टेक्सासचा. त्याची तक्रार अशी की मेम्फिसमध्ये सगळे लॉलरच्या बाजूचे, इथे मला न्याय मिळणार नाही. म्हणून आव्हान दिलं, कोलिझियममध्ये ये, पण प्रेक्षक नकोत, पंच नको.

चित्रफीत सुरू होते तेव्हा दहा हजारांवर खुर्च्या रिकाम्या दिसतात. लान्स रसेल हातात माइक घेऊन उभा. बोलतो तर आवाज घुमतो. फंक येतो, लॉलर दिसत नाही म्हणून शिव्या घालतो. मग लॉलर येतो आणि दोघं भिडतात. नेहमीच्या कुस्तीत पाठ आपटली की वर लोकांचा आवाज येतो. इथे नुसता धप्प. पुन्हा धप्प. धापा ऐकू येतात. रसेल एकटाच बोलतोय, रिकाम्या खुर्च्यांना कळावं म्हणून बोलल्यासारखा. शेवटी फंक लाकडाचा एक टोकदार तुकडा घेऊन लॉलरच्या डोळ्यावर धरतो. लॉलर पायानं त्याचा हात उडवतो आणि टोक फंकच्याच डोळ्याकडे जातं. फंक ओरडत सुटतो, माझा डोळा, माझा डोळा! लॉलर निघून जातो. ओरडणं थांबत नाही.

मी ही फीत कितीतरी वेळा पाहिली आहे. खोटं आहे हे माहीत असूनही ते ओरडणं संपेपर्यंत आवाज कमी करावासा वाटतो.

मग अँडी कॉफमन आला. टीव्हीवरचा प्रसिद्ध विनोदी नट, बायकांशी कुस्ती खेळायचं खूळ डोक्यात घेतलेला. न्यूयॉर्कच्या प्रमोटरला हे नको होतं, धंद्याचं हसं होईल म्हणून. मेम्फिसनं दार उघडलं. कॉफमन हॉलिवूडमधून फिती पाठवायचा. हातात वडी धरून मेम्फिसकरांना शांतपणे शिकवायचा, याला साबण म्हणतात. गाव पेटलं. 5 एप्रिल 1982 ला लॉलरनं त्याला पाइलड्रायव्हर मारला, म्हणजे माणसाला उलटा धरून डोक्यावर आपटायचं. हा डाव मेम्फिसमध्ये बंदी असलेला, त्यामुळे नियमानं कॉफमनच जिंकला. स्ट्रेचरवरून. जुलैत टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या गप्पांच्या कार्यक्रमात तो मानेला पट्टा लावून बसला आणि लॉलरनं सगळ्या देशासमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. 1984 मध्ये कॉफमन गेला. दोघांची मिलीभगत होती हे उघड व्हायला आणखी दहा-एक वर्षं जावी लागली.

[उपग्रह, डिश अँटेना.]

टेरिटरी मोडल्या त्या केबलनं. सिग्नलला हद्द नसते. न्यूयॉर्कचा धंदा 1982 मध्ये बापाकडून विकत घेतलेल्या व्हिन्स मॅकमहनला जुने करार पाळायचे नव्हते. त्यानं गावोगावचे नायक उचलले, गावोगावच्या वाहिन्यांवरच्या वेळा विकत घेतल्या. 14 जुलै 1984 च्या शनिवारी जॉर्जियातल्या लोकांनी नेहमीची कुस्ती लावली, तर समोर मॅकमहन. ओळखीचं एकही तोंड नाही. लोकांनी वाहिनीला फोन करून भंडावून सोडलं. पुढच्या मार्चमध्ये मॅकमहनचा मोठा सोहळा, पहिली रेसलमेनिया, झाली. एकेक दिवा विझत गेला.

मेम्फिस सगळ्यांत चिवट निघालं. खर्च कमी, शनिवारची सकाळ हातात आणि राजा गावातच राहणारा. 1988 मध्ये लॉलरनं याच गावात कर्ट हेनिगला हरवून एडब्ल्यूए या दुसऱ्या संघटनेचा जागतिक पट्टाही मिळवला. 1992च्या शेवटी तो मॅकमहनकडे गेला तेव्हा तिथे खलनायक झाला आणि मेम्फिसला परतला की नायक. खुद्द मॅकमहन 1993 मध्ये मेम्फिसच्या टीव्हीवर खलनायक म्हणून आला. जगाला तो दुष्ट मालक पुढे काही वर्षांनी दिसला, मेम्फिसनं आधीच बघून घेतला होता.

1997 मध्ये ही टेरिटरीही बंद पडली. 2006 मध्ये कोलिझियमला कुलूप लागलं. बऱ्याचशा फिती वाचल्या त्या घरोघरच्या व्हीसीआरमुळे. चाहते त्या पोस्टानं एकमेकांना पाठवायचे, नकलेची नक्कल, इतकी की चेहरे ओळखू येईनासे होत.

[पुन्हा रिकामं कोलिझियम, 1981. घुमणारा आवाज.]

लान्स रसेल अजून बोलतोय. खुर्च्या अजून रिकाम्या. त्या वेळी मुद्दाम ठेवल्या होत्या.